माका कंद: बाटलीवर लिहिलेलं आणि बाटलीत असलेलं

गेल्या महिन्यात मावसभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एका बाटलीचा फोटो पाठवला. काळी बाटली, सोनेरी अक्षरं, उधळलेल्या घोड्याचं चित्र आणि खाली 'पेरूचा नैसर्गिक माका'. सोबत दोन ओळी होत्या. "ताई, हे घेऊ का? मित्र म्हणतो, काउंट वाढतो." काउंट म्हणजे शुक्राणूंची संख्या.

त्याच्या लग्नाला चार वर्षं झाली. वहिनीच्या सगळ्या तपासण्या होऊन गेल्या आहेत, त्याची अजून एकही नाही. हा फोटो पाठवण्याआधी मावशीने त्याला बाजारातल्या काष्ठौषधींच्या दुकानात पाठवलं होतं. तिथे त्याने 'माका पावडर' मागितली आणि दुकानदाराने केसांच्या तेलात घालतात तो भृंगराज पुडीत बांधून दिला. दुकानदाराचं काहीच चुकलं नाही. मराठीत माका म्हणजे तोच.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. पण भावाला दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून सगळं बसून वाचलं. असा फोटो बऱ्याच घरांत फिरतो आहे. त्यामुळे त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

दोन माका

आपला माका म्हणजे भृंगराज. ओढ्याकाठी, बांधावर उगवणारी, पांढऱ्या बारीक फुलांची वनस्पती. ती सूर्यफुलाच्या कुळातली आहे. पेरू देशातला माका म्हणजे जमिनीत वाढणारा, लहान सलगमासारखा दिसणारा कंद, आणि तो मोहरीच्या कुळातला. दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही, नुसता उच्चार जुळला आहे. गोंधळ टाळण्यासाठी पेरूतल्याला या लेखात 'माका कंद' म्हणते.

जाहिरातीत त्याला 'पेरूचं जिनसेंग' असंही म्हणतात. जिनसेंग पूर्णपणे वेगळ्या कुळातलं आहे, अश्वगंधा तिसऱ्याच. ही टोपणनावं विक्रीसाठी दिलेली आहेत, वनस्पतिशास्त्रात त्यांना आधार नाही.

खरं नातं आहे ते आपल्या अळिवाशी. बाळंतिणीला नारळ-गूळ घालून ज्याचे लाडू देतो तो अळीव म्हणजे लेपिडियम सटायव्हम, आणि माका कंद म्हणजे लेपिडियम मेयेनी. आडनाव एकच, म्हणजे हे दोघे चुलत भाऊ. याचा अर्थ दोघांचे गुण सारखे असा नाही. आपण अळिवाचं बी खातो, ते लोक माक्याचा कंद खातात, आणि दोन्हींतली रसायनं बरीच निराळी आहेत. पण 'परदेशातली कुठली तरी जादूची मुळी' असं जे वाटतं ते या एका ओळखीने कमी व्हावं. हे मोहरी, मुळा, कोबी, अळीव यांच्या घरातलंच एक पीक आहे.

कळसूबाईच्या अडीचपट उंचीवर

कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे. माका कंद पिकतो तो मध्य पेरूतल्या हुनीन आणि पास्को या भागांतल्या पठारावर, ४,००० मीटरच्या वर. तिथे चिंचायकोचा नावाचं मोठं सरोवर आहे. हुनीनचं सरोवर म्हणूनही ते ओळखलं जातं. त्याच्या भोवतीच्या कार्वामायो, वायरे अशा गावांमध्ये ही शेती चालते. झाडं नाहीत, दिवसा कडक ऊन, रात्री गोठवणारं दहिवर, सतत वारा. मका तिथे येत नाही, गहू येत नाही. कडवट जातीचे बटाटे आणि माका कंद, एवढीच काय ती पिकं.

वर पानांचा चपटा, जमिनीला चिकटलेला गुच्छ आणि खाली कंद, असं हे रोप असतं. कंदाची साल पिवळसर, तांबडी, जांभळी किंवा काळी असते. आतला गर मात्र सगळ्यांचा फिकटच. हे लक्षात ठेवा, खरेदीच्या वेळी उपयोगी पडेल.

तिथल्या लोकांसाठी हे अन्न आहे. वाळलेले कंद रात्रभर भिजवून शिजवायचे, दुधात किंवा पाण्यात घोटून पेज करायची. लिमा शहरात सकाळी रस्त्यावरच्या गाड्यांवर गरम पेयं मिळतात, त्यातही माका असतो. वाळलेल्या कंदात साधारण साठ टक्के किंवा त्याहून जास्त पिष्टमय पदार्थ, दहा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि आठ-नऊ टक्के तंतू. पोषण म्हणून चांगलंच आहे. पण आपल्या नाचणी-ज्वारीच्या शेजारी ठेवलं तर डोळे दिपावेत असं त्यात काही नाही. जिथे दुसरं काही पिकत नाही तिथे त्याची किंमत मोठी होती.

बर्नाबे कोबो नावाच्या स्पॅनिश जेझुइट पाद्र्याने १६५३ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात या कंदाची नोंद आहे. इतक्या थंड, कठोर भागातही इथल्या लोकांची संख्या वाढते आणि ते त्याचं श्रेय या कंदाला देतात, असा त्याचा आशय. 'माका आणि संतती' ही सांगड इथे लेखी सापडते. बाटलीवरचा घोडा अशाच नोंदींचा वारस आहे.

दहिवर, ऊन आणि फेसलेली मोहरी

आता थोडं रसायनशास्त्र. माझा विषय असल्यामुळे इथे जरा रेंगाळते.

मोहरीचा दाणा नुसता तोंडात टाकला तर फारसा झणझणत नाही. तीच मोहरी पाणी घालून फेसली की नाकात जाते. दाण्यात ग्लुकोसिनोलेट नावाचं एक रसायन एका खोलीत असतं आणि ते फोडणारं एन्झाइम दुसऱ्या खोलीत. फेसताना भिंती फुटतात, दोघे भेटतात आणि तिखट वाफ तयार होते. मोहरीच्या कुळातल्या सगळ्या भाज्यांत हे कमी-जास्त असतं. माक्याच्या ताज्या कंदात ते भरपूर असतं.

पेरूतले शेतकरी साधारण मे ते जुलैमध्ये कंद काढतात आणि उघड्यावर पसरून ठेवतात. रात्री ते गोठतात, दिवसा उन्हात वितळतात, असं कित्येक आठवडे चालतं. गोठताना पेशींच्या भिंती फुटतात. म्हणजे मोहरी फेसण्याचं काम इथे थंडी करते, फक्त अतिशय सावकाश. ग्लुकोसिनोलेट फुटून त्यातून पुढे बेंझिलअमाइन नावाचा पदार्थ तयार होतो. कंदातले स्निग्ध पदार्थही फुटतात. हे दोन्ही जुळून जे बनतं त्याला 'माकामाइड' म्हणतात. ताज्या कंदात माकामाइड जवळजवळ नसतात, ते या वाळवणात जन्माला येतात.

कंदाच्या परिणामामागे माकामाइड असावेत असा संशोधकांचा कयास आहे, अजून सिद्ध झालेलं नाही. पण एक गोष्ट यातून निघते: माका कंद कुठे पिकला एवढंच महत्त्वाचं नाही, तो कसा वाळवला तेही तितकंच महत्त्वाचं आहे. भट्टीत एका दिवसात वाळवलेला कंद आणि पठारावर दहिवर-ऊन खाल्लेला कंद, दोन्हींच्या पुडीवर 'शुद्ध माका पावडर' हेच लिहिलेलं असेल. आत मात्र रसायनांचं प्रमाण वेगळं असेल.

मग खरंच काही होतं का?

भावाचा खरा प्रश्न हाच होता.

शेतकरी नवीन खत वापरतो तेव्हा शहाणा असेल तर चार ओळी खत न घालता सोडतो. नाहीतर यंदा पाऊस चांगला झाला म्हणून पीक आलं की खतामुळे, हे कधीच कळत नाही. औषधांच्या चाचणीत या चार ओळींना 'प्लासीबो गट' म्हणतात. त्यांना दिसायला तशीच पण निष्क्रिय गोळी देतात, आणि कोणाला कुठली दिली ते चाचणी संपेपर्यंत कोणालाच सांगत नाहीत. कामेच्छा, थकवा, मूड अशा गोष्टींत याला फार महत्त्व आहे. कारण 'आपण काहीतरी घेतोय' या भावनेनेच माणसाला बरं वाटू लागतं.

माका कंदावर सर्वांत जास्त काम लिमामधल्या कायेतानो एरेदिया विद्यापीठात गुस्ताव्हो गोन्झालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. त्यांचा २००१चा एक अभ्यास जाहिरातींत फार फिरतो. चार महिने माका घेतल्यावर वीर्याचं प्रमाण, शुक्राणूंची संख्या आणि हालचाल वाढली, असं त्यात दिसलं. पण त्यात पुरुष किती होते? नऊ. आणि न घातलेल्या चार ओळी, म्हणजे प्लासीबो गट, नव्हता. नऊ रोपांवरून गावभर खत विकणं योग्य होईल का, याचा विचार करा.

२००२चा त्यांचा दुसरा अभ्यास जास्त नेटका होता. २१ ते ५६ वर्षांच्या निरोगी पुरुषांना रोज दीड ग्रॅम, तीन ग्रॅम किंवा प्लासीबो, असं बारा आठवडे दिलं. माका घेणाऱ्यांनी कामेच्छा वाढल्याचं सांगितलं, आठव्या आठवड्यापासून फरक दिसला. २००८ साली १४ रजोनिवृत्त स्त्रियांवर रोज साडेतीन ग्रॅम देऊन अभ्यास झाला. चिंता, उदासी आणि लैंगिक तक्रारी काहीशा कमी झाल्या. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये, नैराश्यावरच्या गोळ्यांमुळे लैंगिक तक्रारी निर्माण झालेल्या २० रुग्णांना माका देऊन पाहिला. तीन ग्रॅमवाल्यांना फायदा दिसला, दीड ग्रॅमवाल्यांना तेवढा नाही. या अभ्यासातही प्लासीबो नव्हता. २००९ साली ताठरतेची सौम्य तक्रार असलेल्या ५० पुरुषांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली, त्यात लहानसा फायदा आढळला.

२०१० साली काही संशोधकांनी लैंगिक क्षमतेवरच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला. व्यवस्थित निकष लावल्यावर हातात फक्त ४ चाचण्या उरल्या. निष्कर्ष असा: परिणाम असण्याची मर्यादित चिन्हं आहेत, ठाम काही म्हणण्याइतका पुरावा नाही. त्यानंतर आणखी काही अभ्यास झाले, पण चित्र फारसं बदललेलं नाही. अभ्यास छोटे आहेत आणि बरेचसे पेरूतलेच आहेत.

माझं मत विचाराल तर कामेच्छेवर थोडा परिणाम असावा असं मला वाटतं, कारण वेगवेगळ्या गटांनी तो पाहिला आहे. शुक्राणूंच्या संख्येबाबत मात्र आज कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. भावाला मी हेच सांगितलं आणि ते सांगताना वाईट वाटलं, कारण त्याला नेमकं तेच हवं होतं.

"पण त्याने टेस्टोस्टेरॉन वाढतं ना?"

नाही. आणि हे माका विकणाऱ्यांच्या विरोधकांनी काढलेलं नाही, खुद्द लिमाच्या गटानेच मोजलेलं आहे. कामेच्छा वाढल्याचं सांगणाऱ्या पुरुषांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, वाढलेलं नव्हतं. स्त्रियांच्या अभ्यासातही संप्रेरकांची पातळी बदलली नाही. जो काही परिणाम असेल तो दुसऱ्या वाटेने, कदाचित मेंदूमार्फत, होत असावा.

त्यामुळे बाटलीवर 'टेस्टोस्टेरॉन बूस्टर' लिहिलेलं दिसलं तर दोन शक्यता उरतात. एकतर लिहिणाऱ्याने वाचलेलं नाही, किंवा आत माक्याशिवाय आणखी काही आहे.

एक बारकावा व्यायामशाळेत जाणाऱ्यांसाठी. माका घेणाऱ्या एका तरुणीच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन प्रचंड वाढलेलं दिसलं, अशी एक नोंद २०११ साली वैद्यकीय नियतकालिकात आली. नंतर अधिक अचूक पद्धतीने मोजल्यावर पातळी नेहमीसारखी निघाली. पहिली चाचणीच माक्यामुळे फसली होती. म्हणून रक्त तपासायला जाताना आपण काय काय घेतो ते डॉक्टरांना सांगा, 'ते तर नुसतं नैसर्गिक आहे' म्हणून वगळू नका.

"तिथले लोक शतकानुशतकं खातात, मग अपाय कसला?"

हा आक्षेप मला रास्त वाटतो. तिथे मुलं, बायका, म्हातारे सगळे खातात आणि त्यांना काही होत नाही. पण ते काय खातात ते पाहा. महिने-दोन महिने वाळवलेला, भिजवलेला, शिजवलेला कंद. कच्चा नाही. आपल्याकडे मिळते ती पावडर बहुतेकदा कंद न शिजवता नुसता दळून केलेली असते. ती थंड दुधात, स्मूदीत ढवळून प्यायली जाते. कच्चं कणकेचं पीठ पाण्यात कालवून प्यायलो तर पोट बिघडेलच, आणि दोष गव्हाचा नसेल.

ग्लुकोसिनोलेट थायरॉइडसाठीही विचारात घ्यावं लागतं. हे रसायन फुटल्यावर तयार होणारे काही पदार्थ थायरॉइडला आयोडीन वापरू देत नाहीत. शिजवल्याने धोका बराच कमी होतो आणि आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या निरोगी माणसाने थोडा माका घेतला तर घाबरायचं कारण नाही. पण थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी घेऊ नये, कारण त्यांच्यावरच्या सुरक्षिततेचा अभ्यासच नाही. स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग, फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस असे संप्रेरकांशी जोडलेले आजार असतील तर टाळलेलं बरं. रक्तदाब असणाऱ्यांनी तो मोजत राहावा. चयापचयाचा त्रास असलेल्या रुग्णांच्या एका अभ्यासात ९० दिवस माका दिल्यावर खालचा रक्तदाब आणि यकृताचं एक एन्झाइम थोडं वाढलेलं आढळलं होतं.

खरा धोका माक्याचा नाही

हा भाग नीट वाचा. बाकी काही विसरलात तरी चालेल.

'नैसर्गिक शक्तिवर्धक' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये छुप्या रीतीने सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल मिसळलेलं असल्याचं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा जाहीर केलं आहे. ही ताठरतेसाठीची खरी औषधं आहेत आणि आपल्याकडे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवीत. कारखानदार ती का मिसळतात, हे उघड आहे. माका आठ आठवड्यांनी कदाचित काही करेल. ही गोळी तासाभरात करते. गिऱ्हाईक खूश होतं, मित्राला सांगतं, बाटल्या खपतात.

आता समजा पंचावन्न वर्षांच्या एका काकांना छातीत दुखतं म्हणून जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी दिलेली आहे. सॉर्बिट्रेट नायट्रेट गटातली. नायट्रेट आणि सिल्डेनाफिल एकत्र आले की रक्तदाब इतका कोसळू शकतो की जीव जातो. काकांना वाटतं, आपण कंदाची पावडर घेतली. घरच्यांना काहीच माहीत नसतं, कारण या गोष्टी कोणी घरी सांगत नाही. डॉक्टरांनाही कोणी सांगत नाही.

म्हणून एक सोपी खूण: 'माका' म्हणून घेतलेल्या कॅप्सूलने पहिल्याच दिवशी, तासा-दोन तासांत ठळक परिणाम दाखवला तर आनंद मानू नका. ती बाटली बंद करा. कंद असं काम करत नाही.

आणि लैंगिक सुख वाढवण्याची हमी देणारी औषधाची जाहिरात करणंच आपल्या देशात बेकायदा आहे. औषधं व जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४चा कायदा नेमका त्यासाठी आहे. बाटलीवरचं चित्र, 'तीन दिवसांत फरक' असला मजकूर, हा विकणाऱ्याच्या सचोटीचा पुरावा समजा, उलट्या बाजूने.

विकत घ्यायचाच असेल तर

कॅप्सूलपेक्षा साधी पावडर घ्या. पावडरला स्वतःचा वास आणि चव असते, किंचित गोडसर, भाजलेल्या कंदासारखी, मागे मुळ्याची झाक. दहा वनस्पतींचं मिश्रण असलेली बाटली तर घेऊच नका. त्यात माका किती हे कळायला मार्ग नसतो.

कॅप्सूल घेतलीच तर हिशेब करा. अभ्यासांत वापरलेलं प्रमाण बहुतेक दीड ते साडेतीन ग्रॅम. ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल असेल तर तीन ग्रॅमसाठी रोज सहा लागतील, म्हणजे ६०ची बाटली दहा दिवसांत संपली. बाटलीवर 'रोज एक' लिहिलेलं असतं, कारण महिनाभर पुरते असं वाटलं की महाग वाटत नाही. भावाच्या फोटोतल्या बाटलीचा हिशेब असाच निघाला. बारा आठवड्यांसाठी त्याला जवळपास साडेआठ बाटल्या लागल्या असत्या.

'जिलेटिनाइज्ड' हा शब्द पाहून शाकाहारी लोक दचकतात. त्यात जिलेटिन नसतं. पिठातला स्टार्च उष्णतेने आणि दाबाने शिजवून फुलवला, एवढाच अर्थ. पेज शिजताना घट्ट होते तेच हे. असा माका पचायला हलका, म्हणून माझी पसंती याला. कॅप्सूलचं बाहेरचं टरफल मात्र प्राणिज असू शकतं, त्यासाठी हिरवा ठिपका पाहा.

काळा, तांबडा, पिवळा यावरून फार जादा पैसे देऊ नका. काळा शुक्राणूंसाठी, तांबडा प्रोस्टेटसाठी, अशी जी विभागणी सांगतात ती मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतून आलेली आहे. शिवाय रंग सालीत असतो. दळल्यावर तिन्ही पावडरी इतक्या सारख्या दिसतात की नजरेने खात्री होणं कठीण.

वेष्टनावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याचा, चौदा आकडी परवाना क्रमांक हवा. तो खात्याच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकून कंपनीचं नाव जुळतं का ते पाहता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. आयात माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशातला, मुदत कधीपर्यंत, हे छापलेलं असायला हवं. पूरक आहारावर 'औषधी वापरासाठी नाही' ही सूचनाही असावी लागते. पाठीमागे हे आणि पुढे आजार बरा करण्याचा दावा, असं दिसलं तर बाटली परत ठेवा.

विक्रेत्याकडे त्या खेपेचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा, विशेषतः शिसं आणि कॅडमियमचा. याला कारण आहे. मध्य पेरूचा तो भाग खाणींचा आहे. सेर्रो दे पास्कोच्या खाणी आणि १९२२ पासूनची ला ओरोयाची धातू वितळवण्याची भट्टी तिथून लांब नाहीत. कंद मातीतून जे मिळेल ते शोषतो. चांगला व्यापारी असा अहवाल कुरकुर न करता पाठवतो. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नये.

हा कंद कोणाचा?

आपण कोणाकडून घेतो याला आणखी एक बाजू आहे. १९८०च्या दशकात या पिकाचं क्षेत्र इतकं आकसलं होतं की ते नामशेष होईल अशी भीती होती. मग निर्यात सुरू झाली आणि शेतं पुन्हा पसरली. पण मागोमाग २००१ साली एका अमेरिकन कंपनीला माक्याच्या अर्कावर पेटंट मिळालं. हुनीनचे शेतकरी संतापले. शेकडो वर्षं आपण जे जपलं त्यावर दुसऱ्याचा शिक्का कसा, हा त्यांचा सवाल. पेरूने २००४ साली जैवचोरी रोखण्यासाठी राष्ट्रीय आयोग नेमला.

हा सवाल आपल्याला समजावून सांगावा लागू नये. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं होतं आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने लढून १९९७ साली ते रद्द करवलं. प्रत्येक मराठी घरात कापलं की हळद दाबतात, आणि तरी ते कागदोपत्री सिद्ध करावं लागलं.

पुढे चीनने युन्नान प्रांताच्या डोंगरांत माका लावला. २०१४च्या सुमारास चिनी व्यापारी थेट हुनीनमध्ये उतरले, भाव आकाशाला भिडले आणि मग कोसळले. ज्यांनी चढ्या भावाच्या आशेने लागवड वाढवली त्यांचं काय झालं असेल हे आपल्या कांदा उत्पादकाला विचारा. कच्चा कंद देशाबाहेर नेण्यावर पेरूत २००३ पासूनच बंदी आहे, तरी तो चोरट्या वाटेने जात राहिला. आपल्या देवगड-रत्नागिरीच्या हापूसला जसं भौगोलिक मानांकन आहे, तसं पेरूने 'माका हुनीन-पास्को' या नावाला दिलं आहे. पुडीवर ते दिसलं तर त्याला माझ्या लेखी वजन आहे. त्याच दहिवरात वाळलेला कंद आणि त्याच शेतकऱ्यांना मिळणारा पैसा, दोन्हींची शक्यता त्यात जास्त.

भावाला शेवटी काय सांगितलं

आधी वीर्यतपासणी कर. साधी, स्वस्त, सुईसुद्धा न टोचणारी तपासणी आहे. चार वर्षं वहिनी सोनोग्राफी आणि रक्ततपासण्या करते आहे आणि तू मित्राच्या सांगण्यावरून बाटली शोधतो आहेस, हे बरोबर नाही. अंडकोषाजवळच्या शिरा फुगणं, म्हणजे व्हेरिकोसील, हे पुरुषांच्या वंध्यत्वाचं नेहमी आढळणारं कारण आहे आणि त्यावर उपचार आहेत. कंदाने त्या फुगलेल्या शिरा ओसरणार नाहीत. ज्यांची तक्रार ताठरतेची आहे त्यांनी आधी साखर आणि हृदय तपासावं. बारीक रक्तवाहिन्यांचा आजार पुष्कळदा तिथे आधी बोलतो, छातीत नंतर.

तपासणीनंतर डॉक्टर 'हरकत नाही' म्हणाले तर माका जरूर घे. जिलेटिनाइज्ड पावडर, पहिला आठवडा अर्धा चमचा, मग सपाट एक चहाचा चमचा, म्हणजे साधारण तीन ग्रॅम. नाचणीच्या सत्त्वात घालून शिजव, तिथले लोक पेजेत घालतात तसं. सकाळी घे, काहींना रात्री घेतल्यावर झोप येत नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, तेव्हा बारा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. तोवर तंबाखू बंद. फरक नसेल तर दुसरी पुडी आणायची नाही.

तासाभराने त्याचा निरोप आला: "तपासणीला उपाशी जावं लागतं का?" नाही, असं कळवलं. जेवून जा, फक्त आधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे असतात, तेवढं पाळ आणि वहिनीला सोबत घेऊन जा.